ओळखीचे कागद

तृतीयपंथी व्यक्तीला ओळखपत्रांवरील नाव आणि लिंग बदलून घेण्याची वाट भारतात २०१४ साली न्यायालयाने मोकळी केली आणि २०२० साली कायद्याने तिला ठरावीक रूप दिले. त्याआधीही लोक नावे बदलत होते, राजपत्रात छापून आणत होते, क्वचित न्यायालयातही जात होते. पण प्रत्येकाला पहिल्यापासून स्वतःच चाचपडावे लागे. आता अर्जाचा नमुना आहे, संकेतस्थळ आहे, मुदती आहेत. तरीही जाणत्या माणसाच्या मदतीशिवाय हे काम क्वचितच तडीस जाते. अडचण कलमांत आहेच, पण त्याहून अधिक ती कागदांच्या आपसांतील नात्यात आहे. आधार दुरुस्त करायला ओळखीचे प्रमाणपत्र लागते, प्रमाणपत्राच्या अर्जाला आधार जोडावे लागते, दोन्हींच्या मुळाशी शाळेचा किंवा जन्माचा दाखला असतो आणि तो दाखला बहुधा सुटलेल्या घरी, कपाटात राहिलेला असतो. म्हणून या क्षेत्रातील कायदेशीर मदत म्हणजे थोडा युक्तिवाद आणि पुष्कळ कारकुनी कसब. पुढील विवेचनातील कायद्याची स्थिती सप्टेंबर २०२५ पर्यंतची आहे.

सरकारी दफ्तर आणि हा समाज यांचा संबंध पोलिसांच्या वहीपासून सुरू होतो. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास या लोकांसाठी होता. मुले पळवल्याचा किंवा त्यांचे अंगच्छेदन केल्याचा संशय ज्यांच्यावर असेल, अशांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि मालमत्ता नोंदवहीत उतरवण्याचे आदेश त्यात होते. नोंद झालेल्या व्यक्तीने बायकी वेषात रस्त्यावर दिसणे किंवा लोकांसमोर नाचणे हा गुन्हा ठरे. तिला मृत्युपत्र करता येत नसे, मूल दत्तक घेता येत नसे. या भागाची अंमलबजावणी मुख्यतः उत्तरेत, तेव्हाच्या वायव्य प्रांतात झाली. १९५२ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदाच देशभरातून गेला, पण त्याच्या जागी नागरिक म्हणून नोंद करणारे काहीच आले नाही. पासपोर्टच्या अर्जावर २००५ मध्ये तिसरा पर्याय आला, मतदारयादीत २००९ मध्ये ‘इतर’ हा रकाना आला, आधारच्या अर्जात तो सुरुवातीपासून होता. २०११ च्या जनगणनेत प्रथमच ‘इतर’ असे उत्तर मोजले गेले आणि देशभरात ४,८७,८०३ लोकांची तशी नोंद झाली. त्यांतील ४०,८९१ महाराष्ट्रातील होते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीच्या वेळी राज्याच्या मतदारयादीत तृतीयपंथी मतदार होते सहा हजारांच्या आसपास. जनगणनेच्या आकड्यात लहान मुलेही येतात हे धरूनही ही तफावत बोलकी आहे. घरी आलेल्या प्रगणकाला तोंडी सांगणे वेगळे आणि पुरावा जोडून अर्ज करणे वेगळे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जो निकाल दिला, त्यातील याचिकाकर्ती संस्था होती राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण. गरिबांना मोफत वकील मिळवून देण्यासाठी संसदेच्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेनेच ही मागणी न्यायालयात नेली, ही बाब या विषयात विसरली जाते. ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी त्यात हस्तक्षेप अर्ज केला होता. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. आपले लिंग कोणते हे ठरवण्याचा अधिकार त्या व्यक्तीचा आहे. आणि ते मान्य करण्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालणे बेकायदा आहे. राज्यघटनेच्या १४, १५, १६, १९ आणि २१ या अनुच्छेदांचा आधार निकालाला आहे. पुढच्या सगळ्या कायद्याचे मोजमाप याच निकालाने करायचे असते आणि तसे केल्यावर कायदा काही ठिकाणी तोकडा पडतो.

तो कायदा म्हणजे तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, २०१९. संसदेत तो नोव्हेंबर २०१९ मध्ये मंजूर झाला आणि १० जानेवारी २०२० पासून लागू झाला. जन्माच्या वेळी नोंदवलेल्या लिंगाशी जिच्या मनाची ओळख जुळत नाही, ती व्यक्ती तृतीयपंथी, अशी त्याची व्याख्या आहे. त्यात पारलिंगी पुरुष येतात, पारलिंगी स्त्रिया येतात, आंतरलिंगी व्यक्ती येतात, आणि किन्नर, हिजडा, अरावानी व जोगता या सामाजिक ओळखीही नावानिशी येतात. जोगता हा शब्द केंद्रीय कायद्याच्या पुस्तकात गेला आहे, याची कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात, जिथे यल्लम्माला सोडलेले जोगते आजही परडी घेऊन फिरतात, फारशी कुणाला वार्ता नाही. शस्त्रक्रिया, औषधोपचार झाले असोत वा नसोत, व्याख्येला त्याने फरक पडत नाही.

ओळखीच्या प्रमाणपत्राचे दोन प्रकार आहेत आणि सगळा गोंधळ या दोहोंमध्ये होतो. कलम ५ आणि ६ खाली जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे, अर्ज करून ‘तृतीयपंथी व्यक्ती’ असे प्रमाणपत्र मिळते. ज्याला कागदावर ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ अशी नोंद हवी आहे, त्याने कलम ७ खाली सुधारित प्रमाणपत्रासाठी अर्ज करायचा असतो. त्याला रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला जोडावा लागतो. कलमाच्या शब्दांत ‘शस्त्रक्रिया’ आहे. या कायद्याखालच्या २०२० च्या नियमांनी मात्र ‘वैद्यकीय हस्तक्षेप’ ही संज्ञा घेतली आणि तिच्या व्याख्येत समुपदेशन, संप्रेरकोपचार आणि शस्त्रक्रिया असे तिन्ही घातले. कलम अरुंद, नियम रुंद. जाणता वकील नियमाच्या व्याख्येवर बोट ठेवतो. कार्यालयातील अधिकारी कलमावर. आणि दोघेही बरोबर असल्याने फाईल टेबलावर राहते. २०१४ च्या निकालाने स्त्री किंवा पुरुष म्हणून ओळख सांगण्याचाही हक्क शस्त्रक्रियेविना दिला होता, त्यामुळे कलम ७ त्या निकालाशी विसंगत आहे, हा आक्षेप रास्त आहे. तशा याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आहेत.

पहिल्या प्रकारच्या प्रमाणपत्राची रीत कागदावर तरी सोपी आहे. अर्ज नमुना १ मध्ये, सोबत नमुना २ मधील प्रतिज्ञापत्र. मी स्वतःला तृतीयपंथी समजतो किंवा समजते, एवढे त्या प्रतिज्ञापत्राचे सार. नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्याने या प्रतिज्ञापत्रावर विसंबून, कोणतीही वैद्यकीय वा शारीरिक तपासणी न करता, तीस दिवसांत नमुना ३ मधील प्रमाणपत्र द्यायचे असते. त्यानंतर ओळखपत्र सात दिवसांत. कलम ७ खालील नमुना ४ च्या प्रमाणपत्राला पंधरा दिवसांची मुदत आहे. अठरा वर्षांखालील मुलासाठी पालकाने अर्ज करायचा. ज्यांनी कायदा येण्यापूर्वीच आपल्या कागदांवर लिंगबदल नोंदवून घेतला आहे, त्यांना नव्याने अर्ज करण्याची गरज नाही. हा नियम अनेक कार्यालयांना दाखवावा लागतो. २५ नोव्हेंबर २०२० पासून सामाजिक न्याय मंत्रालयाच्या राष्ट्रीय संकेतस्थळावरून हा सगळा अर्ज घरबसल्या करता येतो. कार्यालयात जाऊन कुणाच्या नजरा झेलाव्या लागू नयेत, हा त्यामागचा हेतू. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी कार्यालयाबरोबर समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्तांचे कार्यालयही या कामात असते.

अर्जदार ज्या जिल्ह्यात सलग बारा महिने राहत असेल, त्याच जिल्ह्यात अर्ज करायचा, अशी अट आहे. घरून निघालेली एकवीस-बावीस वर्षांची व्यक्ती आधी एका शहरात मैत्रिणीकडे, मग दुसऱ्या शहरात तृतीयपंथी समाजातील गुरूच्या घरी राहते. त्या घराचा भाडेकरार गुरूच्या किंवा गुरूच्याही गुरूच्या नावावर असतो, कधी नसतोच. वीजबिल घरमालकाचे. आधारवर गावाकडचा पत्ता. अशा वेळी मदत करणारा कार्यकर्ता पहिल्यांदा लिंगाच्या रकान्याला हातच लावत नाही. आधी पत्ता बदलून घेतो आणि बाकीचे सगळे त्यावर रचतो. आधारशी जोडलेला मोबाइल क्रमांक हीदेखील अशीच खोच आहे. तो भावाच्या किंवा वडिलांच्या फोनमध्ये असतो, त्यामुळे प्रत्येक अर्जाचा संकेतांक (ओटीपी) नेमका त्यांच्याकडे जातो. ज्यांना कळू नये अशी इच्छा असते, त्यांना ते सर्वांत आधी कळते. सुदैवाने क्रमांक बदलायला कागद लागत नाही, फक्त आधार केंद्रावर स्वतः जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागतात. चेहरा बदलला, केस वाढले, आवाज बदलला, तरी ठसे तेच राहतात. ठशांमुळेच जुनी आणि नवी व्यक्ती एकच असल्याचे तिथे वादाविना सिद्ध होते.

प्रमाणपत्र हाती आले की आधारपासून सुरुवात करावी, हे बहुतेक अनुभवी लोक सांगतात. या प्रमाणपत्राला आधार प्राधिकरणाने पुरावा म्हणून मान्यता दिलेली आहे. पण तिथे एक सावधगिरी हवी. आधारवर नाव आयुष्यात दोनदा आणि लिंग एकदाच बदलता येते. आज ‘तृतीयपंथी’ अशी नोंद करून दोन वर्षांनी शस्त्रक्रियेनंतर ‘स्त्री’ करायचे असेल, तर दुसरी दुरुस्ती नेहमीच्या वाटेने होत नाही. वरच्या कार्यालयाकडे खास विनंती करावी लागते. म्हणून कोणता कागद केव्हा बदलायचा, याचा विचार अर्जदाराने आधीच करणे श्रेयस्कर. इंग्रजी स्पेलिंगचेही तसेच. ‘सीमा’ हे नाव एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या स्पेलिंगने गेले की पुढे दहा वर्षे ते निस्तरावे लागते. प्रतिज्ञापत्र टंकणाऱ्याच्या टेबलाजवळ उभे राहून अक्षर न अक्षर तपासणे हे या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी कायदेशीर साहाय्य आहे.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष बिकट होतो, कारण येथे पूर्ण नावात वडील बसलेले असतात. कलम ७ च्या तिसऱ्या पोटकलमाने प्रमाणपत्रधारकाला जन्मदाखल्यासह सर्व कागदांवर आपले ‘पहिले नाव’ बदलण्याचा हक्क दिला. पहिले नाव म्हणजे फक्त स्वतःचे. मधले नाव वडिलांचे आणि शेवटचे घराण्याचे तसेच राहते. ज्या वडिलांनी घराबाहेर काढले, त्यांचे नाव प्रत्येक सहीत घ्यायचे, हे अनेकांना नकोसे वाटते. कुणाला आईचे नाव हवे असते, कुणाला गुरूचे. उलट काहींना वडिलांचे नाव टिकवायचेच असते. त्यात माया असते, जमिनीतील हिस्साही असतो. पहिल्या नावापलीकडचा बदल करायचा तर राजपत्राचा मार्ग धरावा लागतो. महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदलाची जाहिरात मुद्रण संचालनालयाकडे ऑनलाइन अर्ज करून देता येते. गोव्यात नाव-आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे आणि तिथे त्याप्रमाणे जावे लागते. राजपत्राचा एक तोटा कुणी सांगत नाही. ते जाहीर असते, संकेतस्थळावर शोधता येते आणि जुने नाव व नवे नाव शेजारी शेजारी कायमचे छापलेले राहते. जुने नाव मागे टाकण्यासाठी माणूस जी गोष्ट करतो, तीच ते नाव जपून ठेवते. पहिले नाव बदलूनच भागणार असेल तर राजपत्राचा आग्रह धरणाऱ्या कार्यालयाला कलम ७(३) दाखवावे. कायद्याने दिलेल्या हक्कावर आणखी एक अट घालण्याचा अधिकार त्या कार्यालयाला नाही.

मतदार नोंदणीच्या नमुना ६ मध्ये मात्र निवडणूक आयोगाने एक शहाणपणाची सोय केली आहे. नातेवाइकाच्या नावाच्या रकान्यात वडील, आई, पती, पत्नी यांच्यासोबत तृतीयपंथी अर्जदारासाठी ‘गुरू’ हाही पर्याय छापलेला आहे. घराणे आणि डेरा या तृतीयपंथी समाजाच्या व्यवस्थेत गुरू हाच पालक असतो, ही गोष्ट एका सरकारी नमुन्याने मान्य केली. बाकीच्या नमुन्यांनी तिचे अनुकरण केलेले नाही. पॅनच्या अर्जात २०१८ पासून तिसरा पर्याय आहे, बँकांना रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१५ मध्येच सर्व अर्जांत तो ठेवायला सांगितले आहे. या दोन ठिकाणी आधार आणि प्रमाणपत्र जुळले की काम सहसा अडत नाही. पासपोर्टचे काम शेवटी ठेवावे, कारण त्याला बाकी सगळे जुळलेले लागते.

खरी कसोटी जुन्या दाखल्यांची. शाळा सोडल्याचा दाखला जनरल रजिस्टरवरून निघतो, आणि विद्यार्थ्याने शाळा सोडल्यावर त्या रजिस्टरातील नोंद बदलायला माध्यमिक शाळा संहिता सहसा परवानगी देत नाही. तिचा रोख खोट्या जन्मतारखा आणि बदललेल्या जातींवर होता. पण फटका ज्याला नाव बदलायचे त्यालाही बसतो. मुख्याध्यापक म्हणतात शिक्षणाधिकाऱ्यांचे पत्र आणा, शिक्षणाधिकारी म्हणतात शिक्षण मंडळाकडे जा, दहावीच्या गुणपत्रिकेसाठी मंडळ म्हणते शाळेमार्फत या. या फेऱ्यात नियम ५ उपयोगी पडतो. प्रमाणपत्र सादर करून अर्ज केल्यापासून पंधरा दिवसांत संबंधित अधिकाऱ्याने नाव, लिंग, छायाचित्र किंवा हे सर्व बदलून द्यायचे आहे, असे तो नियम म्हणतो. ज्या कागदांना तो लागू आहे त्यांची यादी नियमांच्या परिशिष्टात आहे आणि तीत शाळा, मंडळ, विद्यापीठ यांची प्रमाणपत्रे आहेत. बदललेल्या कागदावर मूळचाच अनुक्रमांक राहील, असेही नियम सांगतो; म्हणजे जुनी पात्रता, जुने खाते, जुना परवाना यांचा धागा तुटत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका माजी विद्यार्थ्याच्या याचिकेवर शिक्षणसंस्थेला नोंदी बदलून द्यायला सांगितले. मणिपूर उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका डॉक्टरच्या बाबतीत शाळा मंडळापासून विद्यापीठापर्यंत सर्वांना नवी प्रमाणपत्रे देण्याचा आदेश दिला. दोन्ही निकालांचे तात्पर्य असे की संस्थेचा अंतर्गत नियम संसदेच्या कायद्यापेक्षा मोठा नाही. हे सांगायला उच्च न्यायालय लागावे, यात संस्थांची शोभा नाही.

जन्मदाखल्याचा पेच निराळा आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे निबंधक चुकीची नोंद दुरुस्त करू शकतो. निबंधकाचे म्हणणे असे की, जन्मवेळी डॉक्टरांनी जे सांगितले ते आम्ही लिहिले, त्यात चूक नव्हती, मग दुरुस्ती कसली? युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सूरज गोविंदराज यांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्यावर तोडगा काढला. २०१९ चा कायदा हा विशेष कायदा आहे, त्याखालचे प्रमाणपत्र निबंधकाने मानलेच पाहिजे. जन्म नोंदणीच्या कायद्यात योग्य बदल होईपर्यंत जुना आणि नवा तपशील नोंदवून सुधारित दाखला द्यावा, असा तो आदेश. मूळ नोंद न खोडता समासात नवी नोंद करण्याची पद्धत कलम १५ मध्ये पूर्वीपासून आहे. हा निकाल महाराष्ट्रातील निबंधकांवर थेट बंधनकारक नाही, पण अर्जासोबत त्याची प्रत जोडली तर नकार देणाऱ्याला निदान कारण लिहावे लागते. नव्या दाखल्यावर जुने नाव आणि जुने लिंग दिसणे मात्र अनेकांना मान्य नाही, आणि त्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. ज्या कागदामुळे भूतकाळ सांगत फिरावे लागते, त्याचा उपयोग अर्धाच.

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यावर महाराष्ट्रात फारसे लिहिले गेलेले नाही, वास्तविक सर्वांत अधिक नुकसान तिथे होते. जातीचा पुरावा वडिलांकडून येतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा वा जातीचा पुरावा लागतो, तो आजोबा-पणजोबांच्या शाळेतून किंवा महसुली नोंदीतून काढायचा असतो. घराशी संबंध तुटलेल्या व्यक्तीला वडिलांचा शाळेचा दाखला कोण देणार? वंशावळीचे प्रतिज्ञापत्र कोण करणार? नाव बदलल्यावर तर वंशावळीतील मुलगा आणि अर्जातील मुलगी एकच आहे, हेही दाखवावे लागते. जातीचा दाखला नियमांच्या परिशिष्टात आहे, म्हणून त्यावरील नाव बदलता येते. पण मुळात दाखलाच काढलेला नसेल तर परिशिष्ट काही करू शकत नाही. शिष्यवृत्ती, वसतिगृह, नोकरीतील आरक्षण अशा साऱ्या वाटा इथे बंद होतात. वकिलाच्या हाती यात एवढेच असते की वडिलांच्या शाळेकडे आणि तहसील कार्यालयाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून नोंदींच्या प्रती मागायच्या. शुल्क दहा रुपये, पण उत्तर येईलच याची शाश्वती नाही.

पारलिंगी पुरुषांची, म्हणजे मुलगी म्हणून नोंद झालेल्या पण पुरुष म्हणून जगणाऱ्यांची, प्रकरणे या सगळ्यात मागे पडतात. त्यांच्यासाठी डेरा नाही, गुरू नाही, ओळखीचा समाज नाही. घरातून निघून गेल्यास ‘मुलगी बेपत्ता’ अशी तक्रार होते, आणि सज्ञान असूनही पोलीस ठाण्यात जबाब द्यावा लागतो. त्यामुळे त्यांच्या वकिलाचे पहिले काम बहुतेकदा प्रमाणपत्राचे नसतेच. आपण स्वतःच्या मर्जीने राहत आहोत, असे लेखी निवेदन आधी पोलीस ठाण्यात आणि मग अर्ज, असा क्रम असतो.

कागद बदलल्याने काय साधते, याचे महाराष्ट्रातील एक उदाहरण जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुक ग्रामपंचायतीचे आहे. तिथे अंजली पाटील यांनी महिलांसाठी राखीव जागेवर उमेदवारी अर्ज भरला. तृतीयपंथी असल्याचे कारण देऊन तो फेटाळला गेला. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २०१४ चा निकाल आणि २०१९ चा कायदा पाहून त्यांची स्त्री ही ओळख ग्राह्य धरली आणि अर्ज स्वीकारायला सांगितले. त्या निवडूनही आल्या. पोलीस शिपाई भरतीचा प्रश्न याउलट थेट अर्जाच्या नमुन्याचा होता. ऑनलाइन अर्जात तिसरा पर्याय नव्हता, म्हणून कागद असूनही अर्जच भरता येत नव्हता. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने आणि पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने सरकारला तो पर्याय ठेवायला लावला. राज्याचे तृतीयपंथी धोरण मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केले. धोरणात अर्जांवर स्वतंत्र रकाना ठेवण्याची भूमिका आहे. रकाने छापले की निम्मी भांडणे मिटतात.

मदत कुणाकडे मागायची, हा शेवटचा आणि खरे तर पहिलाच प्रश्न. मुंबईतील हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या समाजात काम करत आहे. पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्टने असे काम सुरू केले. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे. पण जिल्ह्याच्या ठिकाणी हुकमी मिळते ती सरकारी यंत्रणाच. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत मदतीस पात्र असलेल्यांची यादी आहे. तिच्यात तृतीयपंथीयांचा स्वतंत्र उल्लेख नाही, ज्या प्राधिकरणाने २०१४ चा खटला लढवला त्याच्याच कायद्यात नाही. व्यवहारात त्याने अडत नाही, कारण यादीतील अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, दिव्यांग या वर्गांत अर्जदार बसू शकतो आणि कशातच न बसला तरी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यास मदत मिळते. ‘विधी सेवा’ या संज्ञेत खटला चालवण्याबरोबर कायदेशीर सल्लाही येतो. म्हणजे अर्ज लिहून देणे, प्रतिज्ञापत्र तयार करणे, अपील भरणे यांसाठीही प्राधिकरणाकडे जाता येते. खटला उभा राहण्याची वाट पाहायची नसते. नागपूरच्या विद्या कांबळे २०१८ मध्ये लोकअदालतीच्या पॅनेलवर बसल्या, तेव्हा या समाजातील व्यक्ती महाराष्ट्रात प्रथमच टेबलाच्या पलीकडे दिसली. विधी स्वयंसेवक म्हणून अशा व्यक्ती अधिक घेतल्या तर मोठा फरक पडेल, कारण जिल्हा न्यायालयाची पायरी चढायला संकोचणारा माणूस ओळखीच्या चेहऱ्याकडे आधी जातो.

प्रमाणपत्राचा अर्ज फेटाळला गेला तर नकार कळल्यापासून नव्वद दिवसांत अपील करता येते. त्यासाठी नकार लेखी घ्यावा. तोंडी नकारावर अपील होत नाही. प्रमाणपत्र असूनही एखादे कार्यालय कागद बदलत नसेल तर आधी कायद्याच्या कलम ११ खाली त्या संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग उच्च न्यायालयात अनुच्छेद २२६ खाली याचिका. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील लोकांना त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच सुरू आहे. आपल्या ओळखीतील कुणाला हे काम करायचे असेल, तर त्याला दोन गोष्टी सांगाव्यात. घर सोडण्याआधी किंवा सोडताना दहावीची गुणपत्रिका, शाळेचा दाखला आणि वडिलांच्या जातीच्या दाखल्याचा फोटो तरी काढून ठेवावा. आणि विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० देशभर एकच आहे, त्यावर फोन करायला कोणताही कागद लागत नाही.